पाच मार्कांचं रसग्रहण

चाकणहून सुटलेल्या बसमध्ये शेजारच्या बाईंच्या हातात दहावीचं मराठीचं पुस्तक एका कवितेवर उघडलेलं दिसलं, म्हणून मी विचारलं, "मुलाची परीक्षा का?"

"माझीच हाय," त्या म्हणाल्या.

सतरा नंबरचा फॉर्म भरून त्या बाहेरून बसणार होत्या. पास झाल्या तरच, त्या पत्रे कापायचं काम करत त्या कंपनीत, कायम होणार होत्या. माझी चूक झाकायला मी शहाणपणा शिकवला, "कष्टकरी हातांवरच्या या कवितेचं रसग्रहण गाईडमधलंच पाठ करा. ‘श्रमाचे सौंदर्य’ लिहिलं की पाचात चार."

त्यांनी पेन्सिल कानामागे खोचली आणि पत्र्यानं चिरलेली बोटं माझ्यापुढे धरली. "हे सुंदर हाय व्हय, भाऊ? मी लिहिणार, कवीनं हात लांबून पाहिलेत."

"मार्क कापतील."

"कापू द्या. नापास झाले तर परत बसंन. पण माझ्या हातांचं गाईडला न्हाई विचारायची."

भोसरीला त्या उतरून गेल्या. दहावीत मी तेच सौंदर्य पाठ करून चार मार्क मिळवले होते, आणि आजवर ते कौतुकानं सांगत होतो.

घरी हे सगळं सांगितलं, तर बायको म्हणाली, "आणि घास घ्यायच्या आधीच तुम्ही रोज ‘भाजी छान झालीय’ म्हणता, तेही पाठच केलेलं ना?"