मेंढ्याच्या कार्डांवरचं कुंकू

मी खोटं खेळलो नाही, हे आधीच सांगून टाकतो. पुण्याच्या त्या हॉलमध्ये हे सांगायची पाळी माझ्यावर यावी, याचाच राग अजून जात नाही.

खेळ कार्डांचा आहे, पण रमी किंवा तीन पत्ती नव्हे. हे आमच्या गल्लीत समजावून समजावून माझी जीभ झिजली. बाजारात मिळणाऱ्या शेकडो कार्डांतून ज्याने त्याने आपली साठ निवडायची, एकाच चित्राची चारपर्यंत घेता येतात. प्रत्येकावर एखाद्या प्राण्याचं किंवा राक्षसाचं चित्र आणि त्याची ताकद. कार्डांना प्लास्टिकची कव्हरं घालायची, मागून सगळी एकसारखी दिसली पाहिजेत. वर्षभर स्पर्धा चालतात, गुण साठतात आणि वरच्या थोड्या जणांना देशपातळीच्या स्पर्धेचं बोलावणं येतं.

मी परभणीत औषधाच्या दुकानात कामाला आहे. इथे एकही स्पर्धा होत नाही. त्यामुळे त्या वर्षी रजा मागून कधी हैदराबाद, कधी पुणे, कधी मुंबई, असा जनरलच्या डब्यातून हिंडलो. बाकीची पोरं घरून नाश्ता करून यायची आणि मी स्टेशनच्या नळावर तोंड धुऊन. तरी जिंकत गेलो. दसऱ्यानंतर पुण्यात शेवटची स्पर्धा होती आणि ती चांगली गेली असती तर बोलावणं माझंच होतं.

दसऱ्याला मी वालूरला घरी गेलो होतो. आबा, म्हणजे माझे वडील, मेंढरं राखतात. माझ्या खेळाला त्यांनी कधी नावं ठेवली नाहीत आणि कधी विचारपूसही केली नाही. खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. कुऱ्हाड, विळा, लोकर कातरायची कातर, सगळं धुऊन मांडायचं आणि हळदकुंकू वाहायचं. मी सकाळी उशिरा उठलो तेव्हा पूजा आटोपली होती. कार्डांची पेटी माझ्या बॅगेवर होती, ती मी न उघडता आत टाकली आणि दसरा झाल्यावर पुण्याची गाडी धरली.

पहिल्या दोन फेऱ्या जिंकलो. तिसऱ्या फेरीआधी पंचांनी तपासणीसाठी माझी कार्डं उचलली. एक पंच कार्ड तिरकं धरून दिव्याखाली बघत राहिला, मग त्याने मुख्य पंचांना बोलावलं. माझ्या चार कार्डांच्या पाठीवर पुसट तांबडे डाग होते. चारही मेंढ्याची, माझा सगळा डाव ज्याच्यावर उभा असतो तो मेंढा. म्हणजे गड्डीत वरचं कार्ड मेंढा आहे की नाही, हे मला मागूनच कळतं, असा त्याचा सरळ अर्थ. आरोप सिद्ध झाला तर स्पर्धेतून बाहेर, आणि वर कायमची बदनामी.

डागाला बोट लावून पाहिलं आणि मला कळलं की ते कुंकू आहे. पूजेचं सांगितलं तर मुख्य पंच हसले. प्रत्येकाकडे काहीतरी गोष्ट असतेच, म्हणाले. मग त्यांनी विचारलं की पूजाच होती तर साठातली नेमकी हीच चार का? समोरचा खेळाडू तेवढ्यात डागांचा फोटो काढून मित्रांना दाखवत होता. तो मोबाईल हिसकावून घ्यावा असं फार वाटलं.

मी म्हटलं, माझ्या वडिलांना विचारा. मी पढवेन म्हणून फोन मुख्य पंचांनी स्वतःकडे घेतला आणि स्पीकरवर टाकला. मागे मेंढरं ओरडत होती.

"व्हय, म्याच लावलं," आबा म्हणाले. "पोरगं त्याच्यावरच एवढं हिंडायलंय, मनलं त्याचं हत्यार तेच हाय. चित्र खराब व्हईल म्हणून पाठीला लावलं, डाग पडंल म्हणून लगेच पुसलं बी व्हतं. काय बिघडलं का?"

"पण हीच चार का निवडली?"

"बाकीची मला वळखू आली न्हाईत, साहेब. कुणाला पंख, कुणाला तीन तोंडं. मेंढा तेवढा वळखीचा दिसला."

मुख्य पंचांनी फोन परत दिला. लबाडीचा आरोप मागे घेतो, म्हणाले, पण खूण ती खूण, ही फेरी हरलात. नियम आहे, मी मान्य केला. पण आमचं चुकलं असं एकानेही म्हटलं नाही. उलट नशीबवान आहात असं मला ऐकवलं. फोटो काढणाऱ्याला कुणी हटकलं नाही. पुढच्या फेऱ्या मी दात खाऊन खेळलो, तरी बोलावणं थोडक्यात हुकलं. ज्यांना मिळालं त्यांतल्या एकाच्याही बापाला आपला पोरगा लबाड नाही म्हणून फोनवर जबानी द्यावी लागली नव्हती.

घरी मी आबांना फक्त हरलो एवढंच सांगितलं. त्यांनी ओळखायचं ते ओळखलं असावं. पुढच्या खंडेनवमीला मी लवकर उठलो. कुऱ्हाड, विळा, कातर सगळं मांडलेलं होतं आणि माझी पेटी त्यात नव्हती. ती त्यांनी उचलून फळीवर अगदी मागे ठेवली होती. ते पाहून मला पुण्यात आला नव्हता एवढा संताप आला. त्या लोकांनी माझ्या म्हाताऱ्याला स्वतःच्याच घरात भ्यायला लावलं होतं.

मी पेटी आणून कातरीशेजारी उघडली. आबांनी हात मागे घेतला.

"नगं. तुला पुन्हा तरास व्हईल."

"कव्हरं मी नंतर बदलतो," मी म्हटलं. "लावा. सगळ्याच कार्डांना लावा."

त्यांनी बोट कुंकवात बुडवलं, दुसऱ्या हाताने वरचं कार्ड उचललं, बराच वेळ डोळ्यांजवळ धरलं आणि विचारलं, "हे कोन हाय?"