दिसतं कसं

आमच्या रुग्णालयाचं नाव मी सांगणार नाही. गुडघे दाखवायला मला अजून तिथेच जावं लागतं. सलीमा तांबोळीचं नाव मात्र सांगते, कारण तिथल्या भिंतीवर संगमरवरात कोरलेल्या देणगीदारांच्या नावांत ते सापडायचं नाही. त्या नावांपैकी एकानेही कधी कुणाचा जीव वाचवल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

ऐंशी साल नुकतंच उलटलं होतं तेव्हा आम्ही दोघी तिथल्या अपघात विभागात सिस्टर होतो. मी वासंती, सदाशिव पेठेतली. ती भवानी पेठेतली. तिच्या वडिलांची पानाची टपरी. मुलीने परक्या पुरुषांची अंगं पुसायची म्हणजे काय, असं म्हणून त्यांनी नर्सिंगला साफ नकार दिला होता. धाकटा भाऊ नासिर मात्र आपल्या आपासाठी हटून बसला, दोन वेळा जेवला नाही, आणि म्हाताऱ्याने हात टेकले. नासिर सायकलवरून तिला कॉलेजात सोडायचा. आई लवकर गेलेली, त्याला वाढवला होता तिनेच. पुढे त्याने पुस्तकबांधणीचं दुकान काढलं, जरीनाशी लग्न केलं. सलीमा बिनलग्नाची, त्यांच्यातच राहिली.

कामात ती कशी होती म्हणाल, तर उद्धट होती. कुणी दारातच बोंब ठोकली की म्हणायची, "ओरडतोय ना? मग श्वास चांगला आहे," आणि कोपऱ्यात गप्प बसलेल्याकडे वळायची. घाम बघायची, ओठांचा रंग बघायची, मनगटावर बोटं ठेवायची आणि ठरवून मोकळी व्हायची. नवीन मुली गर्दीत गोंधळल्या की त्यांना सुनवायची, "आधी कोण आलं ते शिपाई बघेल. आधी कोण जाईल ते तू बघ." मला तिचा हेवा वाटायचा. मी पुस्तकात शिकले होते ते तिच्या बोटांत होतं.

मग रहीमचं प्रकरण झालं. रहीम तिच्याच गल्लीतला पोरगा, दम्याचा. आणला तेव्हा ओठ निळे पडले होते. त्याच्याआधी हिंदुराव नावाचे एक गृहस्थ मोडलेलं मनगट मांडीवर घेऊन बसले होते, ट्रस्टींचे स्नेही. सलीमाने रहीमला आधी आत घेतलं. पोरगा वाचला. हिंदुरावांनी ट्रस्टींच्या कानाला लागून सांगितलं, "ती बाई आपल्या लोकांना आधी घेते."

चौकशी वगैरे काही झाली नाही. चौकशी झाली असती तर बरं, निदान खरं-खोटं झालं असतं. मेट्रन प्रेमलाबाईंनी आम्हाला खोलीत बोलावून चहा पाजला. "तुमचं चुकलं असं मी म्हणत नाही, सिस्टर. पण दिसतं कसं, तेही बघावं ना माणसाने."

मी म्हटलं, "दिसायला पोरगा निळा दिसत होता, बाई."

त्यांनी माझ्या बोलण्याकडे काणाडोळा केला. पुण्यात अपमानसुद्धा कपबशीतून देतात.

सलीमा त्या दिवसापासून बदलली. ओळखीचं कुणी आलं की म्हणायची, "वासंती, याला तू बघ." घरात ते लोक दख्खनी बोलत, विभागात ती त्यांच्याशीही मराठीतच बोलू लागली. मला राग यायचा. मी म्हणायची, "अगं, लोकांचं काय, लोक घोड्यावर बसू देत नाहीत आणि पायीही चालू देत नाहीत." ती म्हणायची, "तुला नाही कळायचं." खरंच होतं ते. माझ्या आडनावाची माणसं मी रोज आधी घेत होते, कुणी मोजली नव्हती.

त्या दुपारी कात्रज घाटात टेम्पो उलटला. डॉक्टर आणि मी आत जखमींपाशी, बाहेर बाकांपाशी एकटी सलीमा. बाकावर माधवराव बसले होते. कर्वेनगरचे, निवृत्त हेडक्लार्क. नारळ सोलताना कोयता अंगठ्याला लागला होता. तेवढ्यात नासिर आला, स्वतःच्या पायांनी चालत.

"आपा, सीने में जलन हो रई."

एवढंच बोलला आणि बसला. एरवी त्याच्या तोंडाला कुलूप नसायचं. पुढचं सगळं सलीमानेच मला नंतर सांगितलं. त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता, तो तिने पाहिला. चेहऱ्याचा मातकट रंग पाहिला. तिचं पाऊल त्याच्याकडे पडलंही होतं. तेव्हा माधवराव म्हणाले, "माझी काही घाई नाही हो सिस्टर. फक्त नंबर माझा आहे, एवढंच."

माधवरावांना दोघं भाऊ-बहीण आहेत हे 'आपा' शब्दावरून कळलं होतं. तो शब्द त्यांनी ऐकला, हे तिलाही कळलं होतं.

"बस जरा," ती भावाला मराठीत म्हणाली. "तुझ्याआधी हे आहेत."

नासिरने मान हलवली. आपाचं त्याने कधी मोडलं नव्हतं. तिने अंगठा धुतला, औषध लावलं, पट्टी गुंडाळली. गाठ मारेपर्यंत नासिर भिंतीला टेकला होता, आणि तिने हाक मारली तेव्हा बाकावरून खाली घसरला. आम्ही धावलो. डॉक्टरांनी छाती दाबली, मी दाबली, सलीमाने दाबली. काही उपयोग झाला नाही.

आधी घेतलं असतं तर वाचला असता का? डॉक्टर म्हणतात, सांगता येत नाही. मलाही येत नाही. पण जी काय संधी होती ती नासिरची होती, आणि ती एका अंगठ्याला गेली.

जरीनाला डॉक्टरांनी सांगितलं की झटकाच मोठा होता, कुणाला काही करता आलं नसतं. तिने तेच धरून ठेवलं. निदान आपाच्या हातात गेले, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची आणि सलीमा ऐकून घ्यायची.

इकडे माधवरावांनी गावभर गुण गायले. सख्खा भाऊ समोर असताना बाईने नंबर मोडला नाही! ट्रस्टींना ते फार आवडलं. वार्षिक समारंभात निःपक्ष सेवेबद्दल सलीमाचा सत्कार ठरला. ती दोनदा नाही म्हणाली. प्रेमलाबाई म्हणाल्या, "अहो, नाही म्हणणं बरं दिसेल का?" जरीनालाही सन्मानाने पहिल्या रांगेत बसवलं होतं, दोन मुलांसकट.

ट्रस्टी बोलले, खूप बोलले. शाल झाली, नारळ झाला. मग दोन शब्द बोला म्हणून सलीमाला माइकपुढे उभं केलं.

"तो परका असता," ती म्हणाली, "तर मी त्याला आधी घेतलं असतं."

सभागृहाने टाळ्या वाजवल्या. काय तो विनय, असं माझ्या मागे कुणीतरी म्हणालं. जरीनाचे हात मांडीवरच होते. टाळ्या ओसरल्यावर तिने बसल्या जागेवरून विचारलं, "तो फिर लिये कायकू नै, आपा?"

सलीमा माइक सोडून तिच्याकडे निघाली. प्रेमलाबाईंनी तिला हाताला धरून बाजूला घेतलं, आणि निवेदिकेने पुढचं नाव पुकारलं.