साडूंची सूचना मंजूर होते

आमच्या गावात कायदा पाळणारा एकच माणूस आहे आणि तो नेमका माझा साडू आहे. बाकीचा गाव कायदा ऐकतो, त्यावर चहा पितो आणि घरी जातो. गाव कोणतं ते मी सांगणार नाही. नांदेडहून लातूरला निघालात आणि मध्येच एका चौकात तुमची गाडी अर्धा तास अडकून पडली, तर ते आमचं गाव असण्याची दाट शक्यता आहे. नाव न सांगण्याची ताकीद साडूंचीच. "नगरपालिकेबद्दल छापायचं असंल तर आधी नोटीस द्या, खुलासा मागवा, मुदत संपू द्या, मग छापा," असं त्यांचं म्हणणं. एवढा धीर माझ्यात नाही, म्हणून गावाचं नावच गाळलं.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मी त्यांना दाजी म्हणतो, ते मला पाव्हनं म्हणतात. उभी नोकरी त्यांनी बसस्थानकात वाहतूक नियंत्रक म्हणून केली. जाळीच्या खिडकीआड बसून माईकवर गाड्या पुकारायच्या, हे काम. सेवानिवृत्तीच्या दिवशी माईक खात्याकडे जमा झाला, आवाज मात्र त्यांच्याकडेच राहिला. देवणीला माझ्या मेहुण्याचं लग्न होतं तेव्हा पंगतीच्या वेळी त्यांनी कुणी न सांगता मांडवाचा ताबा घेतला आणि पुकारलं, "नवरदेवाकडील मंडळींनी आपापल्या सामानाची काळजी घेऊन डाव्या बाजूनं जेवायला बसावं." सामानाची काळजी म्हटल्यावर मुलीचे वडील जे रुसले ते मांडव उतरला तरी हसले नाहीत. साडूंना त्यात काय चुकलं ते आजही कळलेलं नाही. काळजी तर घ्यायलाच पाहिजे, असं ते म्हणतात.

नगरपालिकेने गर्दी कमी करायला मेन रोड एकेरी केला तेव्हा गावातल्या दुचाक्या पहिल्या दिवशी संध्याकाळपासून दोन्हीकडून धावू लागल्या. साडू तेवढे पायीसुद्धा एकेरीच चालू लागले. त्यांच्या घरापासून औषधाचं दुकान उजव्या हाताला चार घरं सोडून आहे. साडू डावीकडे निघतात, शाळेला वळसा घालतात, बाजाराच्या ओळीतून येतात आणि वीस मिनिटांनी दुकानात पोचतात. एकदा अक्कांनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, डोकं दुखतंय म्हणून गोळी आणायला पाठवलं. ते परत येईपर्यंत डोकं आपणहून थांबलं होतं आणि अक्का भांडी घासून मोकळ्या झाल्या होत्या. मी म्हटलं, "दाजी, पायी चालणाऱ्याला एकेरी नसतं हो." तर म्हणाले, "पाव्हनं, त्यांनी 'वाहतूक' असं लिहिलंय. मी चालून राहिलो म्हंजे सोताची वाहतूकच करून राहिलो न्हाई का?" 

थर्माकोलशी त्यांचं हाडवैर आहे, आणि त्याला कारणही आहे. बसस्थानकासमोरची नाली दर पावसाळ्यात थर्माकोलच्या प्लेटींनी तुंबायची आणि पाणी थेट त्यांच्या खोलीत शिरायचं. नोकरीची शेवटची वर्षं त्यांनी पावसाळ्यात पाय टेबलावर घेऊनच कंधारच्या गाड्या पुकारल्या. त्यामुळे नगरपालिकेने थर्माकोलवर बंदी घातली तेव्हा गावात आनंद झाला तो त्यांना एकट्याला. तेव्हापासून लग्नाला जाताना ते पिशवीत घरचं स्टीलचं ताट नेतात, आणि अक्का बायकांच्या पंगतीत बसून हा माणूस आपला कोणी नाही असा चेहरा करतात.

मग नांदेडहून त्यांच्याकडे फ्रिज आला. फ्रिजभोवती थर्माकोलचे चार भले मोठे कोपरे निघाले. असा कचरा नगरपालिकेच्या संकलन केंद्रातच द्यावा, असं बंदीच्या कागदात होतं आणि केंद्र लवकरच सुरू होईल असंही होतं. आमच्याकडे लवकरच या शब्दाला मुदत नसते. साडूंनी दोन आठवडे वाट पाहिली आणि ते चार कोपरे घेऊन बसने नांदेडला निघाले. कंडक्टरने विचारलं, "काका, हे काय हाय?" साडू म्हणाले, "परत करायचा माल." "मालाला खिडकीची जागा कशाला दिली?" "मोडू नये म्हणून." दुकानदार त्या कोपऱ्यांकडे बघून घाबरला आणि फ्रिज कुठाय असं विचारू लागला. "फ्रिज लई चांगला हाय," साडू म्हणाले, "माझी तक्रार त्याच्या कपड्यांबद्दल हाय." दुकानदाराने चहा पाजला, थर्माकोल काही घेतला नाही. संध्याकाळच्या गाडीने चारही कोपरे घरी परतले आणि माळ्यावर चढले. ही बातमी गल्लीत पसरल्यावर लोक आपापल्या टीव्हीचे, मिक्सरचे, पंख्याचे कोपरे आणून साडूंकडे देऊ लागले. केंद्र सुरू होईपर्यंत ठेवा, म्हणून. आता तो माळा गच्च भरला आहे. मागच्या भिंतीला अक्कांच्या लोणच्याची बरणी आहे असं म्हणतात, पण ती कुणी पाहिलेली नाही.

पण साडूंचा खरा छंद वेगळाच. कोणताही निर्णय घेण्याआधी नगरपालिका पेपरात एक बारीक अक्षरातली चौकट देते आणि शेवटी लिहिते की याबाबत नागरिकांच्या हरकती व सूचना असल्यास तीस दिवसांत कळवाव्यात. गावाने ही चौकट कधी वाचली असेल तर ती भज्यांखाली. साडू ती कात्रीने कापतात, वहीत चिकटवतात, आणि एकोणतिसाव्या दिवशी रेघी कागदावर 'प्रति, मा. मुख्याधिकारी साहेब' असं लिहून सूचना घेऊन जातात. एकोणतिसाव्या दिवशी का, तर एक दिवस अडीअडचणीला हाताशी असावा. आवक खिडकीतला कारकून त्यांना लांबून येताना पाहूनच शिक्क्याला शाई लावतो. चौकात ठाण मांडणाऱ्या वळूंसाठी स्वतंत्र थांबा असावा, ही त्यांची सूचना मी स्वतः वाचली आहे. वर्षानुवर्षं त्यांची एकही सूचना मंजूर झाली नव्हती. एकदा फक्त 'आपले पत्र मिळाले' एवढं उत्तर आलं, त्याला त्यांनी प्लास्टिकचं आवरण चढवून घेतलं.

आता कमळबाईंबद्दल सांगितलं पाहिजे, कारण इथून पुढचं सगळं त्यांच्या गाड्याबद्दल आहे. बसस्थानकाच्या चौकात त्या सकाळी हातगाड्यावर सुशीला विकायच्या. सुशीला म्हणजे भिजवून फोडणीला टाकलेले मुरमुरे. साडू नोकरीला लागल्यापासून नाष्टा तिथेच करत. बाईंचा नवरा वारला, दोन मुली त्यांनी त्याच गाड्यावर शिकवल्या, लग्नं करून दिली. थर्माकोलवर बंदी आली तेव्हा साडूंचं ऐकून सगळ्या चौकात एकट्या कमळबाईंनी स्टीलच्या प्लेटी आणल्या. प्लेटी आल्या म्हणून धुवायला पाण्याची दोन पत्र्याची टोपली आली, टोपली ठेवायला बाकडं आलं, आणि आटोपशीर गाडा रस्त्यात चांगला दोन हात पुढे सरकला. कायदा पाळल्याने जागा जास्त लागते, हे तेव्हा आमच्या कुणाच्या लक्षात आलं नाही.

चौकातली कोंडी फोडण्यासाठी चौकट आली तेव्हा साडू एवढे पेटले की स्वतः टेप घेऊन मोजणीला उतरले. चौकापासून पन्नास मीटरपर्यंत एकही हातगाडा नसावा, अशी त्यांची सूचना. टेपचं दुसरं टोक, मोजणी कशाची ते न विचारता, कमळबाईंनी धरलं होतं. "कंट्रोलरसाहेब, या टायमाला तुमचा कागद पास व्हतो बघा," असंही त्या म्हणाल्या. चौकातल्या सगळ्यांना साडूंच्या कागदांची कथा माहीत होती, आणि तो कधीतरी पास व्हावा असं बाईंना मनापासून वाटत होतं.

आणि झाला. एकच सूचना आली होती म्हणून नगरपालिकेने तीच उचलली. पेपरात आलं, 'एका जागरूक नागरिकाच्या सूचनेवरून'. साडूंनी गल्लीत पेढे वाटले. पहिला पेढा कमळबाईंना दिला आणि त्यांनी तो डोळे मिटून खाल्ला. दोन दिवसांनी ट्रॅक्टर आला, सगळे गाडे उचलून गावाबाहेरच्या आठवडी बाजाराच्या मैदानात नेऊन ठेवले. साडू चौकात मोकळ्या रस्त्याकडे बघत उभे होते. मी विचारलं, "दाजी, यात बाईंचा गाडा पण जाणार हे तुम्हाला दिसलं नाही?" ते गाड्याच्या मोकळ्या जागेपर्यंत चालत गेले. मग म्हणाले, "पाव्हनं, आईची आन घेऊन सांगतो. तीस वर्सं तिथं नाष्टा केला. ते गाडं हाय असं कधी वाटलंच न्हाई." त्यांचा आवाज पहिल्यांदाच मला एवढा हळू ऐकू आला.

गाडे उचलले तरी निर्णय प्रायोगिकच होता, कायम होण्याआधी हरकतींना तीस दिवस होते. या वेळी साडू दुसऱ्याच दिवशी गेले. 'सदर सूचना अविचाराने केलेली असून ती करणाऱ्यास समज द्यावी', असं त्यांनी लिहिलं होतं. सुनावणीला टेबलापलीकडे एक तरुण साहेब, अलीकडे साडू, आणि टाळ्या वाजवायला नेलेला मी. साहेबांनी कागद पाहिले. "काका, हरकत घेणारे आपण. मूळ सूचना कुणाची?" "माझीच." "मग सूचना मागे घेता का?" इथेच साडू चुकले. मागे घेतो म्हणाले असते तर सुटले असते. पण ते म्हणाले, "मागं कशी घ्यावी साहेब, सूचना बरोबरच हाय. हरकतही बरोबर हाय. दोन्ही ऐका." आणि त्यांनी आधी या खुर्चीत बसून सूचना मांडली, मग त्या खुर्चीत बसून हरकत. हरकत मांडताना ते कमळबाईंच्या मुलींच्या लग्नांपर्यंत भरकटले, पण सूचना मांडताना ते फार मुद्देसूद बोलले. दवाखान्याची गाडी आता दोन मिनिटांत चौक ओलांडते, हे घड्याळ लावून मोजलेलं त्यांनीच सांगितलं. मी टेबलाखालून त्यांचा पाय दाबत होतो. साहेबांनी निर्णय कायम केला. जिन्यावरून उतरताना साडू म्हणाले, "निकाल रास्त लागला." मग जिन्यातच बसले.

त्यानंतर त्यांनी चौकटी कापणं सोडलं. एवढंच ठेवलं की रोज सकाळी दीड-दोन किलोमीटर चालून आठवडी बाजाराच्या मैदानात नाष्ट्याला जायचं. परवा मीही सोबत गेलो. बाजाराचा दिवस सोडला तर तिथे चिटपाखरू नसतं. बाकीचे गाडेवाले कंटाळून दुसरीकडे गेले, कमळबाई एकट्याच फोडणी देत उभ्या होत्या. टोपल्यातलं पाणी स्वच्छ होतं, त्यात एकही प्लेट पडलेली नव्हती. साडूंनी अर्धी प्लेट संपवली आणि इतके दिवस अडकलेलं एकदाचं विचारलं.

"बाई, तुमाला माझा राग न्हाई का येत?"

कमळबाईंनी त्यांच्या प्लेटीत थोडे शेंगदाणे टाकले. "येतो की," त्या म्हणाल्या. "लई येतो. पन गिऱ्हाईक तुमी एकटेच हाव. तुमच्यावर रुसून बसले तर गाडं कुणासाठी लावू?"

 साडूंनी हातातली प्लेट संपवली आणि दुसरी मागितली. सकाळी एका प्लेटीच्या वर त्यांना घासभरही जात नाही, हे मला माहीत आहे. मीही दुसरी मागितली.