आईची चाल

मालिकेत मोलकरणीची भूमिका मिळाली तेव्हा दिग्दर्शक म्हणाले, "हिची चाल जरा वेगळी पाहिजे." मी नाचणारी पोरगी. लगेच चालून दाखवलं: एक हात गुडघ्यावर, कंबर कलंडलेली, दर पावलाला हिसका. सगळा सेट हसला. ती चाल माझ्या आईची होती. विसरवाडीला हायवेवर आमचं चहाचं हॉटेल आहे, आणि ट्रकवाल्यांना चहा नेऊन नेऊन तिचे गुडघे गेलेत. हे मी तिथे कुणाला सांगितलं नाही.

भूमिका वाढत गेली. नाचाच्या कार्यक्रमातही लोकांना तीच चाल हवी होती. मी ती तालात बसवली, टाळ्या घेतल्या.

दिवाळीला गावी एसटीतून उतरले, तर शाळेतल्या दोन मुली मला बघून तश्शाच लंगडत नाचायला लागल्या. आई हॉटेलातून बघत होती. एरवी माझी बॅग घ्यायला ती रस्त्यापर्यंत यायची. या खेपेला गल्ल्यावर बसूनच हसली. "तूच पानी ली ये बाई," म्हणाली. हिने आजवर कुणाकडे पाणी मागितलं नव्हतं! रात्री मी झोपेपर्यंत ती जागची हलली नाही. माफी मागायची तर त्या चालीचं नाव काढावं लागलं असतं.

दुसऱ्या दिवशी निघाले. एसटी सुटल्यावर मागच्या काचेतून पाहिलं. आई उठली होती आणि टेबलांवरचे रिकामे ग्लास गोळा करत चालत होती.