एका केबलवर दोघं

आमची ही डेटा सेंटरमध्ये स्टोरेज, म्हणजे डेटा साठवणाऱ्या डिस्क, सांभाळायची आणि माझा धाकटा भाऊ त्याच हॉलमध्ये नेटवर्क. हिच्या केबली नारिंगी, त्याच्या निळ्या. घरात चूल एक असली तरी तिथे दोघांचा सवतासुभा. त्याचा हात नारिंगी केबलीला नुसता लागला तरी ही खवळायची, आणि जेवताना ते सगळं मला ऐकावं लागायचं. इतकी वर्षं डोळ्यांत तेल घालून ते जपता जपता ही पार थकून गेली होती, पण कबूल करेल तर शपथ.

मग साहेबांनी ठरवलं, दोन्हींची वाहतूक एकाच केबलवरून न्यायची. जाळं एक, म्हणजे माणूसही एकच पुरे. कोणाला ठेवायचं ते चाचणीनंतर ठरणार होतं. एकीकडे बायको, दुसरीकडे भाऊ. माझी अवस्था इकडे आड तिकडे विहीर.

चाचणी धाकट्याने लावली. साधा डेटा सुरळीत चालला, पण गर्दी वाढली की सर्व्हरना आपल्या डिस्कच दिसेनात. मागे बसलेल्या हिला चूक केव्हाच कळली होती. नेटवर्कवाल्यांची ती हाडात मुरलेली सवय: गर्दीत डेटाचं एखादं पॅकेट गळालं तर गळू दे, पुन्हा पाठवू. स्टोरेजचं गळून चालत नाही, मागून येणाऱ्याला थांबवावं लागतं. ती सोय धाकट्याने केबली जोडणाऱ्या स्विचवर चालूच केली नव्हती. ही गप्प बसली असती तर नोकरी हिचीच होती. मी तर बसलोच असतो.

"भाऊजी, स्टोरेजला वेगळी रांग द्या. रांग भरत आली की मागे 'थांबा' कळवा, टाकून देऊ नका."

"वहिनी, हे आधी नाही का सांगायचंस!"

"आधी कधी विचारलंत?"

सगळं चाललं. साहेब म्हणाले, याला आता दोन्ही येतं, हाच राहील. नारिंगी केबली उपटायचं काम तेवढं हिला दिलं.

संध्याकाळी धाकटा ताटावरून मान वर करेना. मी स्वयंपाकघरात हिच्यावर भडकलो, "कशाला सांगायला गेलीस?"

"डिस्क बंद पडत होत्या माझ्या. बघत बसू?" ही म्हणाली. "वाईट वाटतंय रे. पण त्याआधी सुटल्यासारखं वाटलं, त्याचं जास्त वाईट वाटतंय."

मग बाहेर जाऊन तिने त्याला वाढलं.

"जेवा, भाऊजी. आता रात्री डेटा सेंटरचा फोन वाजला की तुम्हीच उठायचं. मला झोपू द्या."