एकाच झाडाची दोन पानं

आज सीताफळाचं पान हातात चुरगळलं, त्याचा उग्र वास नाकात शिरला आणि मला माझी जुनी चोरी आठवली. तेव्हा एक मॅडम आमच्या डोंगरातल्या गावात सीताफळांचा डीएनए तपासायला आल्या होत्या. बीपासून उगवलेलं प्रत्येक झाड माणसासारखंच वेगळं असतं, नुसत्या पानावरून ते ओळखता येतं, असं सांगत त्या घरोघरच्या झाडांची पानं गोळा करत होत्या. निवडलेल्या झाडाची कलमं गावोगाव जाणार म्हटल्यावर माझं डोकंच फिरलं. थोरल्या जाऊबाईंच्या झाडाची फळं साखर, माझ्या झाडाच्या फळांत नुसत्या बिया! मग काय, मी पडले शहाणी. त्यांच्या झाडाची पानं ओरबाडली आणि माझी म्हणून दिली. पानाला काय तोंड हाय का बोलायला? पण पान बोललं! काही महिन्यांनी मॅडम अख्ख्या गावासमोर म्हणाल्या, "काकू, तुमची आणि जाऊबाईंची पानं एकाच झाडाची दिसतात. एकावरून दुसऱ्याचं कलम केलं असेल, तरच असं होतं." जाऊबाईंनी माझ्याकडे रोखून पाहिलं आणि शांतपणे म्हणाल्या, "व्हय की, मीच दिलतं हिला कलम." वाटेत मात्र त्यांनी मला धरलं. "लई हुशार हायेस गं! चोरायचंच होतं तर पानं कशाला चोरलीस? फळं चोरायची!" आम्ही दोघी बांधावर बसून पोट धरून हसलो. पुढच्या हंगामात त्यांनी खरोखरच माझ्या रोपावर त्यांच्या झाडाची काडी बांधली. आता कुणीही येऊन पानं तपासावीत. जाऊबाई त्या दिवशी माझ्यासाठी खोटं बोलल्या, हे कुठल्याच यंत्राला सापडायचं नाही.