न ओरडणारे साडू

आमच्या साडूंइतका कमी बोलणारा कबड्डीचा प्रशिक्षक त्रिभुवनात सापडणार नाही, आणि हाच माणूस घरी चहात साखर कमी पडली तरी सगळं वैशाखरे गाव दणाणून सोडतो. मुरबाडच्या कॉलेजात खेळ शिकवता शिकवता त्यांनी संशोधन हाती घेतलं : प्रशिक्षक ओरडला की खेळाडूचं डोकं चालायचं थांबतं का? तेव्हापासून मैदानावर त्यांचं एकच वाक्य उरलं, "तुला काय वाटतं?" मला मोटारसायकलही त्यांनीच शिकवली. मी गाडीसकट भाताच्या खाचरात गेलो, तेव्हा बांधावर उकिडवं बसून त्यांनी शांतपणे विचारलं, "ब्रेक कुठं असावा असं वाटतं तुम्हाला?" मला त्या वेळी जे वाटलं ते छापण्याजोगं नाही.

खरी कसोटी लागली ती म्हसा गावच्या जत्रेतल्या सामन्यात. दर्शना त्यांच्या कॉलेजातल्या मुलींच्या संघाची कर्णधार. तिच्या बापानं आदल्या दिवशीच बजावलं होतं, "सर, उद्या हरली तं पोर घरी बसंल. मंग खेळाया नाय धाडायची." आणि नेमके गुण बरोबरीत आले. शेवटची चढाई दर्शनाची. मध्यरेषेवर उभं राहून तिनं साडूंकडे पाहिलं. साडूंनी खांद्यावरचा टॉवेल तोंडात कोंबला आणि चक्क पाठ फिरवली!

"अहो, काहीतरी सांगा तिला!" मी त्यांचा दंड धरला. त्यांनी टॉवेल आणखी आत कोंबला.

ओरडला तो बाप. "मागं फीर गो, दर्शने! धरतील तुला!" ती फिरली नाही. उलट कोपऱ्यात घुसली, एकीला पाय लावला, आणि तिघी तिच्यावर कोसळल्या. धुरळ्यात काही दिसेना. मग त्या ढिगातून एक हात सरकत सरकत मध्यरेषेला टेकला. मुली जिंकल्या.

"माजं नाय ऐकलं पोरीनं," बाप भेटेल त्याला सांगत होता, तक्रारीच्या सुरात आणि छाती फुगवून. साडू मात्र तोंडातला टॉवेल काढायचाच विसरले होते.

परवा मैदानावर गेलो. दर्शना आता धाकट्या मुलींना शिकवते. मुली आपसात ठरवत होत्या, भांडत होत्या, पुन्हा ठरवत होत्या. साडू कडेला बसलेले.

"आता मला कोणी काही विचारत नाही," ते म्हणाले. "संशोधन सिद्ध झालं."

"मग? काय वाटतं तुम्हाला?"

त्यांचं आता काही कामच उरलं नाही, याचं मला फार वाईट वाटलं.

"आनंदच," ते म्हणाले, आणि मुलींच्या रिकाम्या बाटल्या गोळा करून पाणी भरायला निघाले.